पाहणारा आणि पाहुणा

प्रवासाचा निम्मा आनंद प्रवासास निघण्यापूर्वींच भोगून होतो, असें अनुभवी माणसें सांगतात. आणि गेल्या कांहीं महिन्यांत या म्हणण्याची सत्यता आम्हांस पुरेपूर पटली आहे. येत्या मे महिन्याच्या सुटींत इंग्लंडास जावें, तेथें एक लहानशी मोटार भाड्यानें घ्यावी आणि बारा दिवस त्या देशाच्या खेड्यापाड्यांतून, डोंगरांतून व तळ्यांच्या कांठाकांठानें हिंडावें, असा बेत आमच्या घरीं ठरला. ठरला त्या दिवसापासून रात्रीचें जेवण आटोपलें कीं मेजावर नकाशा पसरावयाचा आणि बोटानें रस्ते चालावयाचे, हा आमचा नित्यनेम होऊन बसला. तीस वर्षें वर्गांत उभे राहून आम्हीं मुलांना इंग्रजी काव्य शिकविलें. ग्रॅस्मियरचें तळें, कॉट्स्वोल्डच्या टेकड्या, डर्बीशायरचीं पठारें यांचीं वर्णनें करतांना आमचा आवाज असा लागे कीं, आम्ही कालच तेथून परत आलों आहों असें समोरच्या विद्यार्थ्यांस वाटावें. वस्तुतः त्या सगळ्या प्रदेशांतील एक धोंडाहि आम्हीं डोळ्यांनीं पाहिला नव्हता. पन्नाशी उलटल्यावर कां होईना, ही उसनवारी फेडण्याची संधि आली, याचा आनंद आम्हांस झाला असल्यास नवल नाहीं.

बेत मोठ्या कसोशीनें तयार झाला. बारा दिवसांत सतरा ठिकाणें. प्रत्येकापुढें पोहोंचण्याची वेळ, निघण्याची वेळ, मधलें अंतर मैलांत, आणि तेथें काय पाहावयाचें याची नोंद. बायबरी, पाऊण तास. लडलो, दोन तास. हॉवर्थ, दीड तास. डव्ह कॉटेज, एक तास. हा कागद आम्हीं विजयी मुद्रेनें सौभाग्यवतींच्या पुढें ठेविला. त्यांनीं तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि चष्मा काढून म्हणाल्या, "अहो, कुठें काय पाहायचं तें सगळं लिहिलंत, पण कुठें बसायचं तें कुठेंच लिहिलं नाहीं. आणि आपण त्यांचीं गांवं पाहणार, तेव्हां त्या गांवांतल्या माणसांना काय दिसायचं? पाऊण तासाची एक मोटार?"

आम्हीं तेवढ्यापुरतें हंसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न कांहीं मनांतून गेला नाहीं. एखाद्या सुंदर प्रदेशांत केवळ तो पाहण्यासाठीं जाणाऱ्या माणसाचें त्या प्रदेशाशीं नातें तरी कोणतें? तेथें पाहण्याचा त्याला हक्क आहे काय? आणि हक्क असेल, तर त्या हक्काच्या पाठोपाठ येणारें कर्तव्य कोणतें? वरवर पाहतां हा सुटींतील करमणुकीचा प्रश्न आहे. पण जरा खोल गेलें म्हणजे तो नीतीचा प्रश्न होऊन बसतो, असें आम्हांस दिसून आलें, आणि तोच येथें वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम एक सोपें उत्तर बाजूस सारलें पाहिजे. कांहीं रसिकांचें असें मत असतें कीं, सौंदर्य हें अवचित भेटावें. त्याची वेळ ठरविली कीं तें मेलेंच. दोष आमच्या यादींतील घड्याळाचा आहे, तेवढें काढून टाकिलें कीं झालें, असें हे लोक म्हणतील. आम्हांस हें पटत नाहीं. आधीं बेत न करणारा मनुष्य मोकळा असतो असें नव्हे. मे महिन्यांत त्याला रात्रीची जागा मिळत नाहीं एवढेंच. शिवाय ज्यानें आधीं कांहीं वाचलें नाहीं, त्याच्या डोळ्यांसमोरून अर्धा देश तसाच निघून जातो. आणि ठरवून पाहणें हें आजच्या यंत्रयुगाचें पापहि नव्हे. तें फार जुनें आहे.

इंग्लंडच्या वायव्येकडील डोंगर व तळीं यांचा जो प्रदेश आज लेक डिस्ट्रिक्ट म्हणून प्रसिद्ध आहे, त्याची मार्गदर्शिका टॉमस वेस्ट यानें १७७८ मध्येंच प्रसिद्ध केली होती. कोणत्या तळ्याच्या कांठीं नेमकें कोठें उभें राहिलें असतां दृश्य उत्तम दिसतें, हीं स्थानें त्यांत सांगून ठेविलेलीं होतीं. त्या काळचे हौशी प्रवासी बरोबर एक लहानशी काळसर, फुगीर कांच बाळगीत. क्लोड लोरँ या सतराव्या शतकांतील चित्रकाराचें नांव त्या कांचेस दिलेलें होतें. तिच्यांत सृष्टि त्याच्या चित्रासारखी मऊ आणि आटोपशीर दिसे. मौज अशी कीं, तिचा उपयोग करावयाचा तर दृश्याकडे पाठ करून उभें राहावें लागे! आपल्या शोकगीतामुळें आपल्याकडील जुन्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा असलेला कवि टॉमस ग्रे हा १७६९ मध्यें या भागांत गेला असतां, हातांत ती कांच उघडी धरून चालण्याच्या नादांत एका चिखलाच्या वाटेवर उताणा पडला. बोटांचीं पेरें फुटलीं, पण कांच शाबूत राहिली. आणि सूर्यास्त मोठा सुरेख दिसला, असें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. तसाच विल्यम गिल्पिन. वाय नदीच्या प्रवासावरील १७८२ मधील आपल्या पुस्तकांत, त्या नदीच्या वेल्सकडील कांठावर असलेल्या टिंटर्न मठाच्या भिंतींचे त्रिकोणी माथे फार रेखीव राहिले आहेत, ते एखाद्या हातोड्यानें विचारपूर्वक थोडे फोडले तर चित्र अधिक चांगलें होईल, अशी सूचना त्यानें केली. आज ज्याच्या त्याच्या खिशांत काळी कांच आहे, आणि तो तळ्याकडे पाठ करून तींत आपलाच चेहरा पाहतो. ग्रेच्या काळापासून आपण बदललों तें इतकेंच.

तेव्हां दोष बेताचा नव्हे. दोष असलाच तर तो दृश्य या कल्पनेंतच दडलेला आहे. एखाद्या जागेस आपण दृश्य म्हटलें कीं ती जणू आपल्यासाठीं टांगलेली तसबीर होते. तसबिरीस पाहणारा लागतो; तिच्यांत राहणारा कोणी आहे काय, हें विचारण्याची गरज उरत नाहीं. पण इंग्लंडची भूमि तसबीर नाहीं. ती माणसांनीं केलेली आहे, आणि ती करतांना कोणी श्रमलें आहे, कोणी गमावलेंहि आहे.

इंग्लिश खेड्याचें चित्र डोळ्यांपुढें आणिलें कीं पहिल्यानें दिसतात तीं शेतांभोंवतींचीं हिरवीं कुंपणें. मे महिन्यांत त्यांवरील हॉथॉर्नचीं झुडुपें पांढऱ्या फुलांनीं भरून जातात. हीं कुंपणें अनादि आहेत असें आम्ही कित्येक वर्षें समजत होतों. त्यांतील कांहीं फार प्राचीन आहेत हें खरें. परंतु मध्य इंग्लंडांतील पुष्कळशीं सरळ रेषेचीं कुंपणें पार्लमेंटाच्या कायद्यांनीं उभीं केलीं. १६०४ पासून १९१४ पर्यंत असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि त्यांनीं सुमारे ६८ लक्ष एकर, म्हणजे इंग्लंडच्या एकपंचमांशाहून अधिक जमीन, वाटून व कुंपण घालून टाकिली. त्यांत गांवाचीं सामाईक कुरणें आणि मोकळीं मैदानें गेलीं. त्यामुळें शेतीचें उत्पन्न वाढलें असें इतिहासकार म्हणतात, आणि तें खोटें नाहीं. पण ज्या गरिबाची एकुलती एक गाय त्या कुरणावर चरत होती, त्याला त्या कुंपणाचीं फुलें कशीं दिसलीं असतील? जॉन क्लेअर हा शेतमजुराचा मुलगा व कवि. त्याच्या हेल्पस्टन गांवास १८०९ मध्यें हा कायदा लागू झाला, आणि त्या दुःखानें त्याच्या कवितेचा मोठा भाग व्यापला आहे. आम्हीं क्लेअर शिकविला होता. कुंपणांचें कौतुकहि केलें होतें. दोन्ही गोष्टी एकाच जमिनीच्या आहेत, हें मात्र नकाशावर बोट ठेवून मार्ग आंखीपर्यंत ध्यानांत आलें नव्हतें.

बायबरीचें उदाहरण घ्या. कॉट्स्वोल्डमधील या खेड्यांत आर्लिंग्टन रो नांवाची मधाच्या रंगाच्या दगडी घरांची एक ओळ आहे. इंग्लंडच्या छायाचित्रांत तिच्याइतकीं प्रसिद्ध घरें थोडींच असतील. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ती लोकर सांठविण्याची वखार होती. सतराव्या शतकांत तिचीं विणकरांसाठीं घरें करण्यांत आलीं. आज ती वास्तु नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या मालकीची आहे आणि त्यांतील बहुतेक घरांतून भाडेकरू राहतात. म्हणजे सकाळीं दार उघडून दुधाची बाटली आंत घेणारी कोणी आजीबाई असेल, तर तिच्या दारासमोर शेंपन्नास माणसें कॅमेरे रोखून उभीं असावयाचीं. आमच्या यादींत हेंच स्थळ "पाऊण तास" म्हणून नोंदलेलें होतें. कोणाच्या ओट्यासमोर पाऊण तास विनापरवानगी उभें राहून आंत डोकावणाऱ्यास आपल्या गल्लींत आपण काय म्हणतों, हें वाचकांस सांगावयास नको.

पण आमच्या बेतास खरा धक्का बसला तो थर्लमियर या तळ्यानें. आमचा पुतण्या मँचेस्टर येथें नोकरी करतो. एके रात्रीं फोनवर त्याला आमचा मार्ग वाचून दाखवीत असतां थर्लमियरचें नांव निघालें. "कड्यांमधील अस्पर्श जलाशय" असें कांहीं तरी आम्हीं कागदावर लिहिलें होतें. तो म्हणाला, "काका, अस्पर्श कसला? तें पाणी माझ्या घरच्या नळाला येतं. आज सकाळचा चहा त्याचाच." आणि खरेंच तसें आहे. १८७९ मध्यें मँचेस्टरच्या नगरपालिकेनें कायदा करून घेतला, तेथील दोन लहान तळीं धरण बांधून एक केलीं, आणि १८९४ मध्यें सुमारे ९६ मैल लांबीच्या पाटानें, केवळ उताराच्या बळावर, तें पाणी शहरांत आणिलें. रस्किनसारख्या सौंदर्योपासकांनीं या योजनेस कडाडून विरोध केला. त्यांच्याविषयीं आमच्या मनांत आदर आहे. पण गिरण्यांच्या धुरांत आणि रोगराईंत राहणाऱ्या लाखों माणसांना स्वच्छ पाणी नको होतें काय? पुढें त्याच शहरासाठीं हॉजवॉटर येथें दुसरें धरण झालें, आणि मार्डेल नांवाचें आखें खेडें पाण्याखालीं गेलें. १९३५ च्या ऑगस्टांत तेथील लहानशा देवळांत शेवटची प्रार्थना झाली. तत्पूर्वींच स्मशानांतील ९७ मृतांचे अवशेष उकरून शॅप या गांवीं नेऊन पुन्हां पुरण्यांत आले होते. अवर्षणाच्या सालीं पाणी खालीं गेलें कीं त्या खेड्याचे गडगे व लहान पूल वर दिसूं लागतात, आणि तेवढ्यासाठीं प्रेक्षकांची गर्दी लोटते.

हें वाचतांना आम्हांस आमचेच रविवार आठवले. पावसाळा संपतां संपतां पुण्याहून मुळशीच्या तलावावर सहलीस जाण्याची चाल आमच्या घरांतहि आहे. तेथें कणसें खातांना, पाण्यावर उतरणाऱ्या ढगांकडे पाहतांना, त्या पाण्याखालीं मावळ्यांचीं शेतें आहेत, आणि तीं जाऊं नयेत म्हणून १९२१ पासून १९२४ पर्यंत सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं सत्याग्रह झाला होता, हें किती वेळां आमच्या मनांत आलें? इतिहास आम्हांस ठाऊक होता. पण तो परीक्षेच्या कप्प्यांत होता, आणि कणसें सहलीच्या. परदेशाचा नकाशा पसरल्यावर घरचें पाप दिसावें, हाहि प्रवासाचाच एक लाभ म्हणावयाचा.

आतां हक्काच्या प्रश्नाकडे वळूं. येथें आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. वर्ड्‌स्वर्थनें या तळ्यांच्या प्रदेशावर स्वतः मार्गदर्शिका लिहिली. तिचा पहिला मजकूर १८१० मध्यें बाहेर पडला. ज्याला पाहण्याची दृष्टि आणि आनंद घेण्याचें हृदय आहे, अशा प्रत्येकाचा या प्रदेशावर कांहीं हक्क आहे, हा प्रदेश एका परीनें साऱ्या राष्ट्राची मालमत्ता आहे, असा उदार विचार त्यानें तींत मांडला आहे. परंतु १८४४ मध्यें केंडलपासून विंडरमियरपर्यंत आगगाडी आणण्याचा बेत निघाला, तेव्हां हाच वृद्ध कवि वर्तमानपत्रांतून पत्रें लिहून त्याविरुद्ध उभा राहिला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, अशा सृष्टिसौंदर्याची रुचि हळूहळू घडवावी लागते. गिरण्यांतील कामकऱ्यांना गाड्या भरभरून येथें आणिल्यानें ती उत्पन्न होणार नाहीं. त्यांनीं आपल्या गांवाजवळच्या शेतांत फिरावयास जावें हें बरें. आगगाडी १८४७ मध्यें आलीच. पण ती विंडरमियरपाशीं थांबली आणि आजहि तेथेंच थांबते.

आम्हीं हा वाद वर्गांत अनेकदां सांगितला आणि दर वेळीं कवीची बाजू घेतली. आतां त्याचें कारण आमच्या ध्यानांत येतें. त्या वादांत आम्ही स्वतःस वर्ड्‌स्वर्थच्या शेजारीं बसवीत होतों. गाडींतून उतरणाऱ्या कामकऱ्यांच्या रांगेंत आम्ही कधींच उभे राहिलों नव्हतों. ज्यानें तीस वर्षें ही कविता शिकविली, त्याचा ग्रॅस्मियरवर आईसक्रीम खात हिंडणाऱ्या पोरापेक्षां अधिक हक्क आहे, अशी समजूत आमच्या मनाच्या तळाशीं होती. गर्दी म्हणजे इतर लोक. आपण म्हणजे रसिक! सुशिक्षितांच्या अनेक अहंकारांपैकीं हा एक फार गोड आणि म्हणूनच फार चिवट अहंकार आहे. आमच्या जातीचा, रंगाचा मनुष्य त्या कवीनें आपल्या दारांत पाहिला असता, तर त्याला तरी त्यानें अधिकारी मानलें असतें काय, हा प्रश्न आम्हांस तीस वर्षांत एकदांहि सुचला नाहीं!

या अहंकारास सणसणीत उत्तर दिलें आहे तें किंडर स्काउटनें. मँचेस्टर व शेफील्ड या दोन शहरांच्या मधें असलेलें हें पठार. शहरांतील गल्ल्यांतून डोंगर दिसत. पण जमीन मोठ्या जमीनदारांच्या शिकारीसाठीं राखलेली, आणि वाटा अडवावयास राखणदार. २४ एप्रिल १९३२ रोजीं बेनी रॉथमन या तरुणाच्या पुढारीपणाखालीं कांहींशें कामकरी मुलें हेफील्ड गांवाजवळून निघून, मनाई मोडून, त्या डोंगरावर चढलीं. झटापट झाली, आणि पांच जणांस दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. वर्ड्‌स्वर्थनें ज्यांना अनधिकारी ठरविलें, त्यांच्याच तिसऱ्या पिढीनें डोंगरावर चालण्यासाठीं तुरुंग पत्करला! एवढी रुचि कोणत्या विद्यापीठांत शिकविली जाते? पुढें १९४९ मध्यें राष्ट्रीय उद्यानांचा व ग्रामीण भागांत प्रवेशाचा कायदा झाला आणि १९५१ मध्यें पहिलें उद्यान म्हणून याच पीक डिस्ट्रिक्टची निवड झाली. मोकळ्या डोंगरांवर पायीं हिंडण्याचा सार्वजनिक हक्क मात्र २००० सालच्या कायद्यानें मिळाला. तेव्हां पाहण्याचा हक्क सर्वांचा आहे, याविषयीं आमच्या मनांत आतां शंका नाहीं.

परंतु हक्क सर्वांचा आहे म्हणून वर्ड्‌स्वर्थची भीति खोटी ठरत नाहीं. लेक डिस्ट्रिक्टच्या उद्यानांत कायम राहणारे लोक सुमारे ४० हजार. आणि दरसाल येणारे दीड कोटीहून अधिक. त्यांतील बहुतेक मोटारींतून येतात, आणि आम्हीहि मोटारींतूनच येणार. श्रीमंतांनीं सुटीपुरतीं घरें घेऊन ठेविल्यामुळें गांवच्या तरुणांस गांवांत घर मिळणें कठीण होतें. डोंगरांवर चरणाऱ्या हर्डविक जातीच्या मेंढ्या ही त्या दृश्याची शोभा. पण त्या मेंढ्या कुंपण नसतांहि आपापल्या डोंगरावर राहतात त्या केवळ आईमागें चालत ती जागा शिकल्यामुळें. २००१ मध्यें लाळ-खुरकुताची सांथ आली. देशभर साठ लक्षांहून अधिक जनावरें मारावीं लागलीं; कंब्रिया परगण्यास सर्वांत मोठा तडाखा बसला आणि डोंगरवाटा प्रवाशांस बंद झाल्या. त्या वेळीं सर्वांस उमगलें कीं, मेंढपाळ गेला तर दृश्यहि जाईल. आपण ज्याला निसर्ग म्हणून पाहतों तो पुष्कळ अंशीं कोणाचा तरी रोजचा धंदा असतो.

यावर कोणी असें म्हणेल कीं, अहो, सुटीवर निघालेल्या माणसाच्या डोक्यावर एवढें ओझें कशाला? प्रत्येक कुंपणामागें अश्रु आणि प्रत्येक तळ्याखालीं स्मशान पाहावयाचें, तर घरीं बसलेलें काय वाईट? आक्षेप रास्त आहे. दुसऱ्याच्या दुःखाची उजळणी करीत हिंडणें हाहि एक प्रकारचा तमाशाच आहे, आणि तो आम्हांस मान्य नाहीं. आमच्या मनांत आहे ती गोष्ट निराळी. आपल्या शास्त्रकारांनीं मनुष्य जन्मतःच ऋणी असतो असें सांगून देव, ऋषि, पितर यांचीं ऋणें मोजलीं. ऋण म्हणजे पाप नव्हे. ऋणाची जाणीव असलेला मनुष्य दुःखी असतो असेंहि नव्हे. उलट तो जेवणास अधिक चवीनें बसतो, कारण ताट कोणीं वाढलें हें त्याला ठाऊक असतें. पाहणारावरहि असें एक ऋण असतें, आणि तें पैशानें सर्वस्वीं फिटत नाहीं. तें वेळानें फिटतें, पायांनीं फिटतें, आणि वाट देण्यानें फिटतें.

मराठींत पाहणारा आणि पाहुणा हे दोन शब्द कानाला किती जवळचे आहेत! व्युत्पत्तीनें त्यांचा संबंध नाहीं, हें आम्ही जाणतों. पण एका अर्थाकडून दुसऱ्याकडे जाणें हीच प्रवासांतील खरी मजल आहे, असें आम्हांस वाटूं लागलें आहे. पाहणारास आपलें दृश्य हवें असतें. पाहुणा घरच्या माणसांच्या वेळा सांभाळतो, जोडे कोठें काढावयाचे तें विचारतो आणि दुसऱ्या खोलींत डोकावत नाहीं. बीट्रिक्स पॉटर ही लंडनच्या सधन घरची मुलगी १८८२ मध्यें आईबापांबरोबर सुटीसाठीं प्रथम या तळ्यांकडे आली. पुढें मुलांच्या पुस्तकांवर मिळविलेल्या पैशांतून तिनें तेथें शेतें घेतलीं, हर्डविक मेंढ्या वाढविल्या, आणि १९४३ मध्यें मरतांना चार हजारांहून अधिक एकर जमीन नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केली. एवढें सामर्थ्य आपणां सर्वांना कोठून असणार! पण पाहणारा पाहुणा होतां होतां घरचा होऊं शकतो, याचें हें उदाहरण मनाशीं बाळगण्यासारखें आहे.

आमच्या वांट्याला याचा आरंभ मोटार मागें घेण्यापासून झाला. त्या डोंगरांतील कित्येक रस्ते एकाच गाडीच्या रुंदीचे, आणि दोहों बाजूंस कोंकणांतल्यासारखे चुन्याशिवाय रचलेले दगडी गडगे. ठराविक अंतरावर बाजूस थोडी रुंद जागा असते. समोरून कोणी आलें तर जो त्या जागेस जवळ असेल त्यानें थांबून वाट द्यावयाची, आणि जागा मागें राहिली असेल तर मागें जावयाचें. पुतण्यानें बजाविलें, "काका, तिकडेहि डाव्याच बाजूनं चालवायचं, आपला परवानाहि चालतो, त्याची काळजी नको. पण तुम्हांला गाडी पुढें न्यायची संवय आहे. इथें येण्यापूर्वीं मागें घ्यायचा सराव करा. समोरून मेंढ्यांची गाडी घेऊन येणारा शेतकरी कामावर असतो, तुम्ही सुटीवर." तेव्हांपासून आम्ही रोज सायंकाळीं आमच्या बोळांत गाडी उलटी चालवीत असतों. शेजारच्या मुलांची यामुळें मोठीच करमणूक झाली आहे. पन्नाशीनंतर नवीन विद्या शिकणें कठीण. त्यांतहि मागें सरण्याची विद्या अधिकच कठीण, असा अनुभव येत आहे.

सतरा ठिकाणांचा तो कागद आतां राहिला नाहीं. नव्या बेतांत तीनच मुक्काम आहेत: कॉट्स्वोल्डमध्यें तीन दिवस, हेफील्डच्या आसपास तीन, आणि तळ्यांच्या प्रदेशांत सहा. हार्डनॉटची ती तीनास एक चढाची प्रसिद्ध खिंड, केवळ आम्हीं ती मोटारीनें ओलांडली असें येथें येऊन सांगतां यावें म्हणून यादींत होती, ती खोडली. बायबरीस जावयाचें तें सकाळीं लवकर, पायीं, आणि कॅमेरा पिशवींत ठेवून. किंडरवर गुडघे नेतील तेथपर्यंत चढावयाचें. हॉजवॉटरच्या कांठीं एक सकाळ. एक दिवसाआड मोटार मुक्कामाच्या अंगणांतच उभी राहील.

हें सगळें पार पडेलच असें आम्ही म्हणत नाहीं. तेथें पोहोंचल्यावर आमच्यांतील जुना मास्तर पुन्हां घड्याळ काढील, अशी भीति आहेच. आणि दीड कोटींत आमच्या दोघांच्या शहाणपणानें काय उणें होणार, असेंहि मनांत येतें. परंतु दुसरे लोक काय करतात यावर पाहुणा आपली रीत ठरवीत नाहीं.

काल रात्रीं नवा कागद आम्हीं सौभाग्यवतींच्या पुढें ठेविला. त्यांनीं तो वाचला, पेन्सिल घेतली आणि ग्रॅस्मियरच्या मुक्कामांतील एका तारखेपुढें आम्हीं जी जागा मोकळी सोडली होती, तेथें एकच शब्द लिहिला: "बसणें." त्यापुढें त्यांनीं वेळ कांहीं घातलेली नाहीं, आणि आम्हींहि ती विचारली नाहीं.